राऊटर आणि शाळेतला मसावि

परवा शनिवारी बाबा राऊटरचा पासवर्ड बदलायला बसले आणि ब्राऊझरनं इशारा दिला: सर्टिफिकेटवर भरवसा नाही. "हे काय रे?" मी सवयीनं म्हणालो, "काही नाही बाबा, पुढे जा." मग माझीच मला लाज वाटली. ऑफिसात लोकांना मी नेमकं याच्या उलट सांगतो!

तर मंडळी, थोडा इतिहास. १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी आरएसए पद्धत शोधली. दोन अगडबंब मूळ संख्या निवडायच्या, त्यांचा गुणाकार जगाला सांगायचा, त्या संख्या मात्र लपवायच्या. १९८८ मध्ये एक्स.५०९ या मानकानं सर्टिफिकेटचा साचा ठरवला. ही किल्ली अमुक एकाची, असं तिसरा कुणीतरी सही करून सांगणार. पण घरच्या राऊटरसाठी सही करणार कोण? तो स्वतःच! म्हणून तो इशारा.

इथवर ठीक. पण २०१२ मध्ये नादिया हेनिंगर आणि सहकाऱ्यांनी इंटरनेटभरची सर्टिफिकेटं गोळा करून चक्क मसावि काढले. हो, तोच शाळेतला! दोन गुणाकारांत एक मूळ संख्या सामाईक निघाली, की दोन्ही किल्ल्या फुटल्या. ०.५० टक्के सर्व्हरांच्या खासगी किल्ल्या त्यांच्या हाती लागल्या. त्यात बहुतेक राऊटर, फायरवॉल असले डबे.

कारण साधं आहे. संगणकाला यदृच्छा आकडे मिळतात ते कीबोर्ड, माऊस, डिस्क यांच्या हालचालींतून. नुकत्याच चालू झालेल्या राऊटरकडे यातलं काहीच नसतं आणि किल्ली तर तो तेव्हाच बनवतो. मग एकाच मॉडेलचे दोन डबे एकच संख्या निवडतात. आरएसए मोडलं नाही, युक्लिडच्या तेवीसशे वर्षं जुन्या रीतीनं आळस तेवढा पकडला.

त्याच वर्षी लिनक्समध्ये दुरुस्ती झाली. पण आधी बनलेली किल्ली अपडेटनं आपोआप बदलत नाही... आणि बाबांचा डबा बराच जुना.

म्हणून रविवारी फर्मवेअर बदललं, लॅपटॉपवर नवी किल्ली आणि सर्टिफिकेट बनवून राऊटरवर चढवलं, तेच सर्टिफिकेट बाबांच्या ब्राऊझरलाही ओळखीचं करून दिलं. इशारा गेला.

"आता परत तसं दिसलं तर?"

"पुढे जाऊ नका. मला फोन करा."

हे मी आधीच सांगायला हवं होतं. असो.