जोगेंद्रनाथ मंडल : बाबासाहेबांना घटना समितीत पाठवणारा बंगालचा मंत्री

चौदा एप्रिलच्या सभेत एक वाक्य हमखास ऐकू येतं. "बाबासाहेब बंगालमधून घटना समितीवर निवडून गेले." टाळ्या पडतात आणि वक्ता पुढच्या मुद्द्यावर जातो. पण बंधू-भगिनींनो, बंगालमधूनच का? मुंबई इलाख्यातून का नाही? एवढ्या लांब बाबासाहेबांचं होतं तरी कोण? या प्रश्नाचं उत्तर एका माणसाच्या नावात आहे : जोगेंद्रनाथ मंडल. मी काही इतिहासाचा प्राध्यापक नाही. गिरणीच्या पाळ्या सांभाळून जे वाचलं, ते आपल्या विहाराच्या स्मरणिकेतून घरोघरी पोचावं एवढ्यासाठी हा लेख.

जोगेंद्रनाथांचा जन्म २९ जानेवारी १९०४ चा. गाव पूर्व बंगालच्या बारिसाल जिल्ह्यात, म्हणजे आताच्या बांगलादेशात. घर गरीब शेतकऱ्याचं आणि जात नमःशूद्र. या समाजाला सवर्ण लोक 'चांडाळ' म्हणत. पण हा समाज गप्प बसणारा नव्हता. १८७३ च्या सुमारास त्यांनी सवर्णांच्या घरची आणि शेतातली कामं बंद ठेवून मोठा संप केला होता. हरिचंद ठाकूर आणि त्यांचे पुत्र गुरुचंद ठाकूर यांनी मतुआ पंथातून शिक्षणाचा आणि स्वाभिमानाचा प्रचार केला. १९११ च्या जनगणनेत अखेर 'नमःशूद्र' हे नाव सरकारी कागदावर आलं. जोगेंद्रनाथ या चळवळीच्या मातीतले. कष्टात शिकून ते वकील झाले.

१९३७ साली प्रांतिक विधानसभांच्या निवडणुका झाल्या. मंडल राखीव जागेवर उभे राहिले नाहीत. बारिसालच्या सर्वसाधारण जागेवर अपक्ष उभे राहिले आणि काँग्रेसच्या वजनदार सवर्ण उमेदवाराला पाडून निवडून आले. त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती. पुढे १९४३ मध्ये नाझिमुद्दीन यांचं मंत्रिमंडळ बनत होतं. मंडलांच्या पाठीशी अनुसूचित जातींचे २१ आमदार होते. त्यांनी फुकट पाठिंबा दिला नाही, तीन अटी घातल्या. मंत्रिमंडळात अनुसूचित जातींचे तीन मंत्री घ्या. आमच्या मुलांच्या शिक्षणासाठी दरसाल पाच लाख रुपये द्या. सरकारी नोकऱ्यांत ठरलेलं प्रमाण पुरेपूर पाळा. मंडलांकडे सहकारी पतपुरवठा आणि ग्रामीण कर्ज हे खातं आलं. सावकारीखाली पिचलेल्या कुळांसाठी हेच खातं जिव्हाळ्याचं. याच वर्षी त्यांनी बंगालमध्ये बाबासाहेबांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची शाखा उभी केली.

मुस्लिम लीगबरोबर ते का गेले, हेही समजून घेतलं पाहिजे. त्यांचा हिशेब सरळ होता. पूर्व बंगालातला मुसलमान आणि नमःशूद्र, दोघेही शेतात राबणारे, मासे धरणारे, शिक्षणात मागासलेले. दोघांवर जमीनदार आणि सावकार तेच. पोटाचा प्रश्न एक, तर लढाही एक, असं त्यांना वाटलं.

आता १९४६ साल पाहा. पुणे करारामुळे राखीव जागांवरसुद्धा सवर्णांची मतं निर्णायक ठरत होती. त्या निवडणुकीत फेडरेशनचा धुव्वा उडाला. मुंबई इलाख्यात एकही आमदार आला नाही. बंगालमध्ये अनुसूचित जातींच्या ३० राखीव जागा, त्यांतल्या बहुतेक काँग्रेसने घेतल्या. फेडरेशनचा एकच माणूस निवडून आला, तो म्हणजे जोगेंद्रनाथ मंडल. सुऱ्हावर्दींच्या मंत्रिमंडळात ते पुन्हा मंत्री झाले.

घटना समितीवर जनता थेट निवडून देणार नव्हती. प्रांतिक विधानसभांचे आमदार पसंतीक्रमाने मतं देणार होते. मुंबईत फेडरेशनचा आमदारच नाही, म्हणजे बाबासाहेबांना दार बंद. अशा वेळी मंडलांनी बंगालमधून त्यांचं नाव पुढे केलं. स्वतःचं मत तर एकच. पण त्यांनी अपक्षांना गाठलं, काँग्रेसच्या तिकिटावर आलेल्या दलित आमदारांनाही गाठलं आणि मतं जमवली. जुलै १९४६ मध्ये बाबासाहेब निवडून आले. १७ डिसेंबर १९४६ चं घटना समितीतलं त्यांचं गाजलेलं भाषण त्यांनी बंगालचे सभासद म्हणूनच केलं. आपल्याकडे अमुक जिल्ह्याच्या मतदारांनी बाबासाहेबांना निवडून दिलं असं सांगतात, ते बरोबर नाही. निवडून दिलं ते विधानसभेतल्या मूठभर आमदारांनी, आणि त्यांची मोट बांधली मंडलांनी.

फाळणी झाली तेव्हा बाबासाहेबांची ती जागा गेली. मग जुलै १९४७ मध्ये बॅ. जयकरांच्या रिकाम्या जागेवर ते मुंबईतून पुन्हा आले. तोवर त्यांची विद्वत्ता सगळ्या सभागृहाने पाहिली होती. ती पाहायची संधी बंगालने दिली, हे विसरून चालणार नाही.

मंडल मात्र पाकिस्तानात राहिले. ऑक्टोबर १९४६ मध्ये लीगने त्यांना दिल्लीच्या हंगामी सरकारात पाठवलं होतं. सिल्हेटच्या सार्वमतात त्यांनी पाकिस्तानच्या बाजूने प्रचार केला. १० ऑगस्ट १९४७ रोजी कराचीत पाकिस्तानची घटना समिती भरली, तिचे पहिले हंगामी अध्यक्ष मंडल होते. ते कायदा व कामगार मंत्री झाले. मान मोठा होता, पण अधिकार किती होता? त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात बाबासाहेबांनी पाकिस्तानातल्या अस्पृश्यांना इशारा दिला की लीगवर भरवसा ठेवू नका, भारतात या. पुढे डिसेंबर १९४९ मध्ये खुलना जिल्ह्यात काळशिरा इथे नमःशूद्रांवर अत्याचार झाले. फेब्रुवारी १९५० मध्ये दंगली भडकल्या, बारिसालही त्यातून सुटलं नाही. केंद्रीय मंत्री असून मंडलांना आपल्या माणसांचं रक्षण करता आलं नाही. ८ ऑक्टोबर १९५० रोजी त्यांनी एकेक घटना मांडणारं लांबलचक राजीनामापत्र दिलं आणि ते कलकत्त्याला निघून आले.

इकडे त्यांचं स्वागत झालं नाही. पाकिस्तानचा माजी मंत्री म्हणून सवर्ण पुढाऱ्यांनी त्यांना दूर ठेवलं. मंडल निर्वासितांच्या वस्त्यांत काम करत राहिले. त्यांना घरदार नसलेल्या दंडकारण्यात पाठवण्याला त्यांनी विरोध केला. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्टीत जी बंगाली गावं वसली, ती याच लोंढ्यातल्या लोकांची. मंडलांनी पुन्हा निवडणुका लढवल्या, रिपब्लिकन पक्षाशी नातं जोडलं, पण कायदेमंडळात परत जाता आलं नाही. ५ ऑक्टोबर १९६८ रोजी बनगाव इथे त्यांचं निधन झालं.

कोणी त्यांना गद्दार म्हणतं, कोणी भोळा म्हणतं. मला वाटतं, त्यांच्या आयुष्याकडे दोन्ही डोळ्यांनी पाहावं. १९४३ मध्ये पाठीशी आपले २१ आमदार होते, तेव्हा अटी घालता आल्या. १९५० मध्ये मंत्रिपद होतं पण मागे स्वतःचं बळ नव्हतं, तेव्हा दुसऱ्याच्या घरातल्या पाहुण्यासारखी गत झाली. खुर्ची मिळाली म्हणजे सत्ता मिळाली असं नव्हे, हे आजच्या आपल्या पुढाऱ्यांनीही ध्यानात घ्यावं.

आणि दुसरी बाजू अशी की अख्ख्या बंगालमध्ये फेडरेशनचा एकच माणूस निवडून आला, पण त्याने ती एक जागा स्वतःसाठी वापरली नाही. बाबासाहेबांसाठी वापरली. राज्यघटनेचं नाव घेताना आपल्या मुलांना हे नावही सांगा.

जय भीम!