'शिंतो' हा धर्म आहे काय? : एका वर्गीकरणाचा इतिहास

जपानातील शिंतोविषयी लिहिताना 'धर्म' हा शब्द आपण सहज योजतो. परंतु तो शिंतोस लागू पडतो की नाही, ह्याविषयी त्या देशात मेइजी काळापासून वाद चालत आलेला आहे. आणि हा वाद केवळ कोशकारांचा नव्हे. ह्या वर्गीकरणाचे व्यक्तिस्वातंत्र्यावर कोणते परिणाम झाले, ते पाहणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

'देव' आणि 'मार्ग' ह्या अर्थांच्या दोन चिनी अक्षरचिन्हांनी 'शिंतो' हे नाव बनले आहे. इ. स. 720 मध्ये पूर्ण झालेल्या 'निहोन शोकी' ह्या ग्रंथात बुद्धाच्या शिकवणीहून निराळी गोष्ट दर्शविण्यासाठी ते आलेले आहे. तथापि प्रत्यक्ष उपासनेत 'कामी' आणि बुद्ध शतकानुशतके एकत्रच नांदले. त्यांची फारकत 1868 साली मेइजी शासनाने आज्ञापत्रे काढून केली. त्याच सुमारास मूळ बौद्ध परिभाषेतील 'शूक्यो' हा शब्द 'रिलिजन' ह्या पाश्चात्त्य संकल्पनेस प्रतिशब्द म्हणून रूढ होऊ लागला.

1889 च्या राज्यघटनेने प्रजाजनांच्या कर्तव्यांस बाध न येईल इतपत धर्मस्वातंत्र्य दिले. मग देवस्थानांपुढे नमन करण्याची सक्ती कशी करावयाची? शासनाने उत्तर शोधले ते वर्गीकरणात. देवस्थानांतील विधी हा 'शूक्यो' नसून नागरिकाचे कर्तव्य होय, अशी भूमिका घेण्यात आली. 1900 साली गृहखात्यात देवस्थानांसाठी एक आणि धर्मांसाठी दुसरा असे स्वतंत्र विभाग झाले. 1932 मध्ये तोक्योच्या जोची ह्या कॅथॉलिक विद्यापीठातील काही विद्यार्थ्यांनी यासुकुनी येथे नमन करण्याचे नाकारले, तेव्हा संस्थेवर मोठे संकट ओढवले. 1936 साली रोमनेही हे नमन नागरी आचार म्हणून मान्य केले.

15 डिसेंबर 1945 च्या आदेशाने दोस्तांच्या प्रशासनाने शासन व शिंतो ह्यांचा संबंध तोडला. 1947 साली अंमलात आलेल्या घटनेच्या 20 व 89 ह्या कलमांनी तो विच्छेद कायम केला. ह्यापुढे देवस्थाने इतर धर्मसंस्थांच्याच पंक्तीस बसली. मात्र जुना युक्तिवाद संपला नाही. त्सु नगरपालिकेने 1965 साली व्यायामशाळेच्या बांधकामाआधी शिंतो पद्धतीने भूमिशांती केली. 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिचा हेतू मुख्यतः लौकिक ठरवून ती घटनासंमत मानली. उलट, 1997 साली एहिमे प्रांताने यासुकुनीस सार्वजनिक निधीतून दिलेली दक्षिणा त्याच न्यायालयाने घटनाबाह्य ठरविली.

ह्या दोहोंच्या मध्ये 1988 चा एक निकाल आहे. स्वसंरक्षण दलातील एका मृत सैनिकास देवस्थानात 'कामी' म्हणून प्रतिष्ठित करण्यास त्याच्या ख्रिस्ती पत्नीची हरकत होती. न्यायालयाने तिची मागणी फेटाळली, आणि इतरांच्या श्रद्धाचाराविषयी तिनेच सहिष्णुता बाळगावी, असा अभिप्राय दिला.

नववर्षी देवदर्शनास जाणारे अनेक जपानी लोक स्वतःस कोणत्याही धर्माचे मानीत नाहीत. त्यांच्या दृष्टीने ही रूढी आहे, आणि त्यात खोटे काही नाही. आपला 'धर्म' हा शब्दही कर्तव्य, आचार आणि पंथ असे तिन्ही अर्थ वाहतो. म्हणून ही संदिग्धता आपणांस अपरिचित नाही. परंतु जो आचार बहुसंख्यांस रूढी वाटतो, तो नाकारण्याची मुभा एखाद्यास हवी असेल, तर त्यास प्रथम तो आचार धर्म असल्याचे सिद्ध करावे लागते. शब्दाच्या व्याख्येचा भार येथे दुर्बल पक्षावर पडतो.