रबराचा बेडूक आणि आपली मरळ

मंडळी, पावसाळा लागला की आपल्या संग्रामपूर तालुक्यातल्या पोट्ट्यांच्या मोबाइलवर एक व्हिडिओ हमखास फिरतो. कोणीतरी दांडी झटकून रबराचा बेडूक शेवाळात फेकतो, हळूहळू ओढतो, पाणी फुटतं आणि हातभर मरळ बाहेर येते. खाली लिहिलेलं असतं, 'नवीन अमेरिकन टेक्निक'. या 'नवीन' शब्दाचा जरा इतिहास पाहू, कारण त्यातून एक भांडण निघतं आणि ते मला करायचंच आहे.

अमेरिकेत बास नावाचा मासा आहे. गवतात, बुडालेल्या लाकडाआड दबा धरून बसतो. 1949 साली ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रनच्या निक क्रीम नावाच्या माणसाने त्याच्यासाठी घरच्या किचनमध्ये प्लास्टिक वितळवून मऊ गांडूळ तयार केलं. गळाचं टोक त्या मऊ अंगात लपवता येतं, म्हणून गवतात अडकत नाही. शिसं लावलं नाही तर ते पाण्यात अलगद, जिवंत वाटावं असं खाली जातं. पुढे 1990 च्या दशकात गॅरी यामामोटो यांनी प्लास्टिकमध्ये मीठ मिसळून असं आमिष काढलं की वजन न लावताही ते लांब जावं आणि आपोआप बुडावं. मीठ मिसळायचंच होतं तर आमच्या खारपाणपट्ट्यात यायचं, फुकट मिळालं असतं!

पण मूळ युक्ती? आमच्या लहानपणी मोठी मंडळी बांबूच्या काठीला दोरी, दोरीला गळ आणि गळाला बेडूक लावून डबक्याच्या कडेला नाचवायची. शिसं लावत नव्हते, कारण शिशाने बेडूक शेवाळात रुतून बसतो आणि मरळ तर वरच्या हालचालीवर येते. विज्ञान तेच. फरक एवढाच की आता बेडूक पाकिटात मिळतो.

आणि हे आपल्या आज्याच्याही काळाच्या फार मागे जातं. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणचा, याने साधारण 1129 च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. एमपीएससीवाल्यांना तो मराठीच्या जुन्या खुणांसाठी माहीत असेल. त्यात 'मत्स्यविनोद' नावाचं प्रकरणच आहे. माशांचे प्रकार, कोणाला काय खाऊ घालून माणसाळवायचं, दोरी कशी, काठी कशी, गळ कसा. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी 1951 मध्ये त्यावर इंग्रजीत लेख लिहिला. गळाने मासे धरण्याचा शौक आपल्याला कोणी बाहेरून शिकवला नाही.

इंग्रज आले ते महसीरच्या वेडाने. मद्रासचे सनदी अधिकारी हेन्री सुलिवन थॉमस यांचं 'द रॉड इन इंडिया' 1873 चं. साहेबाचा गळ म्हणजे खेळ आणि भोयाचं जाळं म्हणजे नासधूस, ही नजर त्या काळच्या लिखाणात जागोजागी दिसते, मला ती पटत नाही. पण एक गोष्ट त्यांच्या काळात झाली ती कामाची: 1897 च्या कायद्याने सुरुंग लावून नि विष टाकून मासे मारायला बंदी आली. म्हणजे मासा कसा मारावा यालाही मर्यादा असते, हे कागदावर येऊन सव्वाशे वर्षं होऊन गेली.

आता भांडण. मरळ पावसाळ्यात वीण घालते. पिल्लं नारिंगी-लालसर रंगाची, घोळक्याने वर येतात, कारण त्यांना हवेतला श्वास लागतो. खाली आईबाप पहारा देतात. व्हिडिओवाले नेमकं हेच हेरतात: लाल घोळका दिसला की त्याच्या मधोमध बेडूक टाकायचा. आईला भूक नसते. ती पिल्लांवर आलेल्या शत्रूला हाकलायला झेपावते अन् गळाला लागते. मागे राहिलेली शेकडो पिल्लं दुसऱ्या माशांच्या नि बगळ्यांच्या पोटात. याला शिकार काहून म्हणायचं?

तलावात सोसायटीवाले बीज सोडतात ते बहुतेक कटला, रोहू, मृगळ. मरळीचं बीज सहसा कोणी सोडत नाही. नाल्या-डबक्यात जी आहे ती तिच्या स्वतःच्या विणीवरच टिकून आहे. ज्या भोई कुटुंबांचं पोट यावर आहे, त्यांचं नुकसान दोन किलोच्या एका मरळीचं नाही, पुढच्या दोन हंगामांचं आहे.

दुसरं, हे रबर कुजत नाही. तुटलेलं शेपूट तळाशी पडतं, मासा गिळतो. वारीच्या हनुमान सागरावर तर जास्तच जपा. संग्रामपूर आणि जळगाव जामोदच्या 140 गावांची पाणी योजना त्या वानच्या पाण्यावर आहे. आणि अंबाबारवा किंवा वान अभयारण्याच्या हद्दीत परवानगीशिवाय शिरणंच 1972 च्या कायद्याने गुन्हा आहे, गळ तर दूरच.

दांडी घ्या, रबराचा बेडूक घ्या, माझी ना नाही. फक्त जून ते सप्टेंबर लाल घोळका दिसला की गळ आवरा, आणि तुटलेलं रबर खिशात घालून घरी आणा. येत्या ग्रामसभेत मी लेखी अर्ज देतोय की गावतलाव ठेक्याने देताना करारात ही दोन वाक्यं टाकावीत. सही करायची असेल त्यांनी खाली आपल्या गावाचं नाव लिहा. भोई बांधवांनी तर नक्की लिहा. काही चुकीचं मांडलं असेल तर तेही सांगा, अर्जाचा कच्चा मसुदा आधी तुम्हालाच दाखवतो.