चाललेले काम आणि झालेले काम

मी भाषापंडित नव्हे. आयुष्य कामगारांच्या संघटनेत गेले. रशियन व्याकरण एकट्याने, पुस्तकावरून वाचले. तरी त्यातील क्रियापदांचा इतिहास आपणापुढे मांडतो, कारण त्यात आपल्या मराठीचीही गोष्ट आहे.

आपला करूळचा घाट घ्या. 'मी घाट चढत होतो' आणि 'मी घाट चढलो' ही दोन्ही वाक्ये भूतकाळीच. पण पहिल्यात माणूस वाटेवर आहे, दुसऱ्यात तो गगनबावड्यास पोहोचला. हा भेद काळाचा नव्हे. काम चालले होते की पुरे झाले, याचा आहे. रशियन भाषेत त्यासाठी बहुधा क्रियापदांची जोडीच असते. 'पिसाल' म्हणजे लिहीत होता. 'नापिसाल' म्हणजे लिहून पुरे केले. या दुसऱ्या जातीच्या क्रियापदाला वर्तमानकाळ नाही. त्याचे वर्तमानासारखे रूप, 'नापिशू', भविष्य सांगते: मी लिहून पुरे करीन. ते योग्यच, जे चालू आहे ते पुरे झालेले कसे असेल?

हे साधे सूत्र पंडितांना लवकर गवसले नाही. लोमोनोसोव्हने १७५५ साली लिहिलेल्या व्याकरणात रशियन क्रियापदाचे दहा काळ मोजले. पुढे एकोणिसाव्या शतकात काळ निराळा आणि क्रियेची पूर्णता निराळी, हे स्पष्ट होत गेले. काळ तीनच उरले. आपल्याकडे दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ साली निघाले, मोरो केशव दामल्यांचे १९११ साली. शाळेत मात्र आजही साधा, अपूर्ण, पूर्ण आणि रीति असे काळ शिकवतात. काळ व क्रियेची स्थिती एकाच दाव्याला बांधलेली!

चेर्निशेव्स्कीने तुरुंगात लिहिलेली कादंबरी १८६३ साली प्रसिद्ध झाली. तिचे नाव 'श्तो देलात?' तेच नाव लेनिनने १९०२ साली आपल्या पुस्तकास दिले. मराठीत आपण 'काय करावे?' म्हणतो. तेथे 'स्देलात' असते, तर एखादे नेमके कृत्य उरकण्याचा प्रश्न झाला असता. 'देलात' करीत राहण्याविषयी विचारते.

हा भेद केवळ पुस्तकातला नाही. वाटाघाटीत 'थकबाकी देत आहोत' आणि 'थकबाकी दिली' यांत एका चुलीचे अंतर असते. म्हणून मंडळी, कोणत्याही कागदावर सही करण्यापूर्वी त्यातील क्रियापदाला विचारा: बाबा रे, काम चालले आहे, की झाले आहे?