टाकीतली पोरं आणि धरणातली चिलापी

आज आम्ही माशांविषयी बोलणार आहोत, पण कालवणातल्या नव्हे. आमच्या बचत गटाच्या ओसरीवर ठेवलेल्या काचेच्या टाकीतल्या.

मागच्या पावसाळ्यात आमच्या गटाने शोभेच्या माशांचा धंदा करून बघायचं ठरवलं. खेळत्या भांडवलातून अडीच फुटी टाकी घेतली, हवेचा पंप घेतला आणि तालुक्याच्या दुकानातून एक जोडी आणली. अंगावर काळे-पांढरे पट्टे, कैद्याच्या कपड्यासारखे, म्हणून या माशाला कन्व्हिक्ट म्हणतात. मूळ गाव मध्य अमेरिका. "ही जात हमखास अंडी देते," दुकानदार म्हणाला. आम्हाला तिथेच शंका यायला हवी होती. जे सगळ्यांच्याच घरी पिकतं त्याला बाजारात भाव कुठला?

पण आधी जे बघितलं ते सांगतो. टाकीत एक फुटकी कुंडी आडवी टाकली होती. महिन्याभरात मादीच्या पोटावर केशरी छटा आली आणि दोघांनी कुंडी आतून चाटूनपुसून स्वच्छ केली. मग तिने आत अंडी चिकटवली. ती दिवसरात्र पंख हलवून अंड्यांना वारा घालायची, नर दारात उभा. तिसऱ्या दिवशी अंडी फुटली. आणखी चार-पाच दिवसांनी पिल्लांचा ढग बाहेर निघाला, पुढे आई, मागे बाप. मादी पंखांनी तळातला गाळ उडवायची आणि पिल्लं त्यातलं बारीकसारीक टिपायची. अगदी कोंबडी उकिरडा उकरते तसं. त्या दिवशी बैठकीत हप्त्यांचा हिशेब चुकला, कारण सगळ्यांची डोकी टाकीकडे वळलेली.

पिल्लं मोजली तर दोनशेच्या आसपास. ती जरा मोठी होईतो दुसरी वीण झाली. दुकानदाराने हात वर केले, म्हणाला, ही जात मला कुणीही फुकट आणून देतं. मग बैठकीत विषय निघाला की एवढ्यांचं करायचं काय. एकीने सुचवलं, शेततळ्यात सोडून देऊ, पुण्य लागेल. सगळ्यांना पटलंही. तेवढ्यात कोपऱ्यातून आक्का बोलल्या. आमचं गाव उजनीच्या फुगवट्यावर आहे आणि आक्कांच्या घरात तीन पिढ्या जाळं टाकतात. त्या एवढंच म्हणाल्या, "ती चिलापी बी अशीच कुणीतरी सोडली असंल."

त्या एका वाक्याने आम्ही वाचायला बसलो.

पहिली गोष्ट कळली ती ही, की आमचा कन्व्हिक्ट आणि धरणातली चिलापी एकाच कुळातले. या कुळाला सिक्लिड म्हणतात. आफ्रिका, मादागास्कर आणि दक्षिण व मध्य अमेरिका ही त्यांची मोठी घरं. आपल्या भारतातही त्यांच्या तीन जाती आहेत. कोकणात, गोव्यात ज्याला काळुंदर म्हणतात तो त्यातलाच. केरळने २०१० साली त्याला राज्याचा मासा केलं. बहुतेक मासे अंडी टाकतात आणि निघून जातात. हे कुळ मात्र पोरं वाढवतं. म्हणून ते घरच्या टाकीत सहज वाढतं, आणि म्हणूनच त्याने जगभर गोंधळही घातला.

चिलापीच्या आफ्रिकेतल्या भाईबंदांना माणसाने पाळलं त्याला तीन हजारांहून जास्त वर्षं झाली. इजिप्तमध्ये नेबामुन नावाच्या एका कारकुनाच्या थडग्यात त्याच्या बागेचं चित्र होतं. ते इसवी सनापूर्वी सुमारे १३५० चं, आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. मधे चौकोनी तळं, कडेने झाडं, तळ्यात बदकं, कमळं आणि हे मासे. नाईल नदीतली ही मादी अंडी तोंडात धरते आणि पिल्लं तोंडातूनच बाहेर सोडते. इजिप्तच्या लोकांना वाटलं, हा मासा मेलेल्याला पुन्हा जन्म देणारा, म्हणून त्यांनी त्याला थडग्यात जागा दिली.

चिलापीची आई हेच करते. नर तळाशी खड्डा करतो, ती त्यात अंडी घालते आणि लगेच तोंडात घेते. मग दहा-बारा दिवस ती जवळजवळ काहीच खात नाही. पिल्लं पोहायला लागल्यावरही धोका दिसला की परत आईच्या तोंडात शिरतात. हे ऐकून आमच्यातली एक म्हणाली, "आपण चतुर्थी धरली तर केवढं कौतुक!"

काचेच्या टाक्या घराघरांत आल्यावर या कुळाच्या आणखी गमती उघड झाल्या. ऑस्ट्रियातले कोनराड लोरेंझ, ज्यांना पुढे १९७३ साली नोबेल मिळालं, त्यांनी घरच्या टाकीतल्या एका बापाची गोष्ट लिहून ठेवली आहे. संध्याकाळी भटकलेलं पोर तोंडात घेऊन घरट्यात आणून टाकायचं, हे त्याचं काम. एकदा त्याच्या तोंडात गांडुळाचा तुकडा होता आणि समोरून एक पोर गेलं. त्याने पोरही तोंडात घेतलं आणि तो थबकला. एक गिळायचं, एक सांभाळायचं, आणि दोन्ही एकाच तोंडात! शेवटी त्याने दोन्ही बाहेर थुंकलं, पोरावर नजर ठेवून गांडूळ खाल्लं आणि मग पोर उचलून घरी नेलं. १९५९ साली डिस्कस नावाच्या ॲमेझॉनच्या सिक्लिडवर एक अभ्यास छापून आला. त्याची पिल्लं आईबापाच्या अंगावरचा चिकट द्रव चाटून वाढतात. आईच्या आणि बापाच्याही. हे वाक्य आम्ही बैठकीत दोनदा वाचलं.

आता चिलापीची गोष्ट. तिचं मूळ घर आफ्रिकेचा आग्नेय किनारा, मोझांबिककडचा. १९३० च्या दशकात इंडोनेशियातल्या जावा बेटावर, आफ्रिकेपासून हजारो मैल दूर, मुजायर नावाच्या माणसाला समुद्रकाठच्या खाडीत हे अनोळखी मासे दिसले. हौशी लोकांच्या टाक्यांमधून ते तिथे आले असावेत, असा अभ्यासकांचा कयास आहे. मादीच्या तोंडात शिरणारी पिल्लं बघून मुजायर हरखला. काही मासे घरी नेऊन त्याने ते गोड्या पाण्यात रुळवले. इंडोनेशियात या माशाला आजही मुजायरच म्हणतात. मग दुसरं महायुद्ध आलं, अन्नाची टंचाई झाली आणि हा मासा तळ्यातळ्यांत गेला. युद्धानंतर तर त्याचा गवगवाच झाला. काहीही खातो, कुठल्याही पाण्यात जगतो, दोन-तीन महिन्यांत वयात येतो, गरिबाला स्वस्त मासा मिळेल.

भारतात तो आला १९५२ साली. पण तळ्यांत सोडल्यावर त्याचा दुसरा गुण दिसला. तो एवढा वितो की तळं बोटभर माशांनी भरतं. ना नीट विकता येत, ना खाता येत, आणि रोहू-कटलाच्या तोंडचा घास जातो. १९५९ साली, म्हणजे सातच वर्षांत, देशाच्या मत्स्य संशोधन समितीने या माशाचा प्रसार बंद करा असं सांगितलं. माशाला परिपत्रक कोण वाचून दाखवणार? भीमेवरचं उजनी धरण १९८० साली पुरं झालं, आणि आज तिथल्या जाळ्यात काय येतं ते या भागात कुणाला सांगायला नको. वाम, मरळ, शिंगी यांची नावं आक्का आता माहेरच्या माणसांची घ्यावी तशी घेतात. सगळा दोष चिलापीचा नाही. वरून येणारं शहरांचं घाण पाणीही आहेच, आणि त्या पाण्यात टिकली ती चिलापीच. तिला नुसत्या शिव्या देऊनही चालायचं नाही, कारण भिगवणच्या बाजारात बसणाऱ्या कितीतरी बायांची चूल तिच्यावर पेटते. आता सरकारी परवानगीने तिचं सुधारित वाण, फक्त नर करून, बंदिस्त तळ्यांत वाढवतात. पण आमच्या पुढचा प्रश्न वेगळा होता. आम्ही कुणाला विचारून सोडणार होतो?

वाचता वाचता दोन बाया भेटल्या. एक एथेलविन ट्रेवावस. लंडनच्या म्युझियममध्ये बसून तिने चिलापीच्या सगळ्या गोतावळ्याची वर्गवारी लावली. त्यावरचा तिचा जाडजूड ग्रंथ १९८३ साली आला, तेव्हा ती ब्याऐंशी वर्षांची होती. दुसरी रोझमेरी लो. १९४५ साली, चोविशीच्या आतबाहेर, ती आफ्रिकेतल्या न्यासा सरोवरावर तिथल्या चिलापीचा अभ्यास करायला गेली. पुढे व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या संशोधन केंद्रात काम करत होती. १९५३ मध्ये तिने लग्न केलं आणि नोकरी सोडावी लागली. कारण नियमच तसा होता, लग्न झालेल्या बाईला ती नोकरी नाही. नवरा त्याच सरकारच्या चाकरीत होता, त्याला कुणी काही विचारलं नाही. ती थांबली नाही. दक्षिण अमेरिकेत गेली, तिथले मासे अभ्यासले, पुस्तकं लिहिली आणि २०१४ पर्यंत जगली.

ती जिथे काम करत होती त्याच व्हिक्टोरिया सरोवरात १९५० च्या दशकात नाईल पर्च नावाचा मोठा मासा सोडला गेला. माणसापेक्षा वजनदार होणारा. विरोध करणारे अभ्यासक होते, पण मासा पाण्यात गेला. वीस-पंचवीस वर्षं काही विशेष दिसलं नाही. मग १९८० च्या सुमारास तो एकदम वाढला आणि छोट्या सिक्लिडच्या शेकडो जाती दिसेनाशा झाल्या. बाहेर देशी विक्रीचे कारखाने उभे राहिले, पैसा आला. किनाऱ्यावरच्या बायांचं काय झालं, ते आम्हाला जास्त लागलं. छोटे मासे त्या उन्हात वाळवून विकायच्या, त्याला खर्च नव्हता. पर्च तेलकट, तो उन्हात वाळत नाही, धुरावर भाजावा लागतो. म्हणून सरपण लागलं, सरपणासाठी झाडं गेली. चांगला मासा कारखान्यात गेला आणि बायांच्या वाट्याला उरले सांगाडे. तेच तळून त्या विकू लागल्या.

त्या हरवलेल्या जातींपैकी काही आज फक्त प्राणिसंग्रहालयांच्या आणि हौशी लोकांच्या काचेच्या टाक्यांत जिवंत आहेत. मादागास्करच्या एका सिक्लिडचे तर माहितीतले नरच उरले होते. २०१३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयाने जगभर हाक दिली, कुणाकडे मादी आहे का? त्याच वर्षी मादागास्करमध्ये एका ओढ्यात थोडे मासे सापडले.

तर आमची पोरं आम्ही शेततळ्यात सोडली नाहीत. पावसाळ्यात आमचं शेततळं सांडतं, सांडवा ओढ्याला मिळतो, ओढा धरणाला. काही पिल्लं शाळेतल्या टाकीत गेली, तीही मुलींना सगळं समजावून. काही ओळखीच्या घरी गेली. बाकीची सिमेंटच्या टाकीत वाढवतोय, त्यातली बरीच दगावलीही. वहीत हा व्यवहार तोट्याच्या रकान्यात लिहिला आहे आणि सगळ्यांनी सह्या केल्या आहेत. आता एंजल माशाची चौकशी चालू आहे, पण या वेळी आधी गिऱ्हाईक ठरवून.

जोडीच्या मधे आम्ही काच घातली. दोघं काचेच्या दोन बाजूंनी तीच जागा साफ करत राहिले. पंधरा दिवसांनी मादीने काचेला लागूनच अंडी घातली आणि वारा घालत बसली. नर पलीकडे होता, त्यामुळे ती फळली नाहीत. दोन दिवसांत पांढरी पडली, तरी ती हलेना. त्या बैठकीत कुणी फारसं बोललं नाही. आक्कांनी उठून टाकीवर पदराचं फडकं टाकलं, आणि आम्ही हप्ते मोजायला घेतले.