राखून ठेवलेले बियाणे

स्मरणिकेसाठी "या वर्षी काहीतरी इतिहासाचे लिहा" असे चिटणीसबाईंनी मला सांगितले. आपल्या देवळाचा किंवा मंडळाच्या स्थापनेचा इतिहास मी लिहीन, अशी त्यांची अपेक्षा असावी. पण गेले वर्षभर माझ्या मनात एकच विषय घोळत आहे आणि त्यालाही इतिहास आहे. माझे शिक्षण मराठी सातवीपर्यंतचे. माझी थोरली मुलगी विज्ञान शाखेला आहे. रात्री मागचे आवरून झाले की ती इंग्रजी लेख वाचून अर्थ सांगे आणि मी वहीत उतरवून घेई. त्या वहीतून हा लेख तयार झाला.

माझ्या माहेरी आजी भोपळ्याचे, वालाचे, दोडक्याचे बी राखेत घोळून मडक्यात भरी, तोंड शेणमातीने लिंपी आणि ते मडके उतरंडीत ठेवून देई. कितीही ओढगस्तीचे वर्ष आले तरी त्याला हात लावायचा नाही. ती म्हणे, "पीक गेले तर पुढल्या साली येईल. बी गेले तर पेराल काय?" स्त्रीच्या पोटातले बी असे राखून ठेवण्याची विद्या आज जगात आहे. तिचीच ही कथा आहे.

या विषयाकडे मी का वळले ते आधी सांगते. माझ्या नणंदेच्या मुलीला एकोणिसाव्या वर्षी मानेत गाठ आली. लसिकाग्रंथींचा कर्करोग निघाला. औषधांनी बरा झाला, पण दीड वर्षाने उलटला आणि मग फार जड औषधे द्यावी लागली. त्यातून ती उठली. आम्ही देवापुढे पेढे ठेवले. पुढे तिची पाळी आली नाही, ती आलीच नाही. एकविसाव्या वर्षीच तिचे अंडाशय सुकून गेल्याचे तपासणीत कळले. ती मला म्हणाली, "मामी, केस जातील हे मला सगळ्यांनी सांगितले. केस परत आलेसुद्धा. हे मात्र कुणीच सांगितले नाही." मला उत्तर देता आले नाही. हे टाळता आले असते काय, याचा मी शोध घेऊ लागले. मार्ग होता, असे उत्तर मिळाले, आणि तो काही कालपरवाचा नव्हता.

मुलगी जन्माला येते तेव्हाच तिच्या दोन अंडाशयांत मिळून १० ते २० लाख बीजे असतात. नवी पुढे तयार होत नाहीत. वयात येईपर्यंत ३ ते ४ लाख उरतात आणि साऱ्या आयुष्यात पक्व होऊन बाहेर पडतात ती जेमतेम ४००. ही कोवळी बीजे अंडाशयाच्या बाहेरच्या पातळ थरात, सालीखाली, झोपी गेल्यासारखी असतात. कर्करोगावरची काही औषधे आणि ओटीपोटावर दिलेले किरण ही सारी शिदोरी एकदम जाळून टाकतात. मग तरुणपणीच पाळी जाते.

बी थंडीत गोठवून ठेवावे, ही कल्पना जुनीच होती. अडचण पाण्याची होती. टोमॅटो चुकून बर्फाच्या कप्प्यात राहिला, तर बाहेर काढल्यावर कसा पिचून जातो, हे आपण जाणतोच. आतल्या पाण्याचा बर्फ होतो आणि त्याचे टोकदार खडे सारे फाडून टाकतात. शरीरातल्या पेशींचेही तसेच होते.

यावरचा तोडगा १९४९ साली लंडनजवळ मिल हिल येथील सरकारी संशोधन संस्थेत सापडला, आणि तोही चुकून. ख्रिस्तोफर पोल्ज, ऑड्री स्मिथ ही बाई आणि त्यांचे प्रमुख ॲलन पार्क्स कोंबड्याचे वीर्य साखरेच्या पाण्यात गोठवून पाहत होते. यश येत नव्हते. एकदा शीतगृहातली बाटली काढून पुन्हा प्रयोग केला, तो गोठवलेले जीव वितळल्यावर वळवळू लागले. नवे द्रावण केले तर पुन्हा अपयश! शेवटी बाटलीत उरलेल्या थेंबांची तपासणी केली, तेव्हा तीत साखर नव्हतीच. होते ग्लिसरीन, आपण हिवाळ्यात ओठांना लावतो ते. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली असावी. मिठाच्या जागी साखर पडून पदार्थ बिघडल्याचे आपण ऐकतो. येथे अदलाबदलीने जगाचे भले झाले. ग्लिसरीन पेशीत शिरून पाण्याचे टोकदार खडे होऊ देत नाही.

ही विद्या आधी गाईगुरांच्या उपयोगी पडली. आज खेड्यात गाय भरवायला डॉक्टर जो थंड वाफांचा डबा घेऊन येतात, त्याचे मूळ या बाटलीतच आहे. पण त्याच संस्थेत आणखी दोन स्त्रिया काम करीत होत्या, आणि त्यांची नावे आपण लक्षात ठेवली पाहिजेत. रूथ डीन्झली यांनी उंदरांच्या अंडाशयाचे तुकडे गोठवले, वितळवले, पुन्हा शरीरात बसवले आणि ते काम करतात हे पाहिले. डेल्फिन पॅरट यांनी १९६० साली दाखवून दिले की अशा तुकड्यांपासून उंदरीला पिलेही होतात.

म्हणजे १९६० मध्येच दार उघडले होते. मग पुढली तीस वर्षे त्यातून फारसे कोणी गेले का नाही? त्या काळी कर्करोग झालेल्या मुली बहुधा वाचतच नसत. जी जगणार नाही तिच्या मुलाबाळांचा विचार कोण करणार? पुढे औषधे सुधारली, मुली बऱ्या होऊ लागल्या, मोठ्या झाल्या, आणि मग हे दुसरे दुःख जगाला दिसू लागले. तेव्हा एडिंबरो येथे रॉजर गॉस्डेन यांनी ते काम पुन्हा हाती घेतले. मेंढीचे अंडाशय स्त्रीच्या अंडाशयासारखेच घट्ट असते, म्हणून त्यांनी मेंढी घेतली. उणे १९६ अंश थंडीत ठेवलेला तिचाच तुकडा तिला परत बसवला आणि तिला कोकरू झाले. हे १९९४ साली प्रसिद्ध झाले.

माणसाची पाळी त्यानंतर आली. १९९९ साली न्यूयॉर्क येथे कुटलुक ऑक्टाय यांनी एका स्त्रीचा गोठवलेला तुकडा तिला परत बसवला. अंडाशय काही काळ कामाला लागले, मूल मात्र झाले नाही.

आता ब्रुसेल्सची हकीकत ऐका. १९९७ साली तेथील एका २५ वर्षांच्या मुलीला कर्करोग झाला, तोही लसिकाग्रंथींचाच, आमच्या मुलीसारखा. औषधे सुरू करण्यापूर्वी डॉक्टर जॅक डॉने यांनी तिच्या अंडाशयाचे तुकडे काढून गोठवून ठेवले. तोवर जगात या मार्गाने एकही मूल झालेले नव्हते. तरी त्यांनी तिला विचारले आणि ती हो म्हणाली. मुलगी बरी झाली, पाळी गेली. २००३ साली तुकडे परत बसवले, काही महिन्यांनी पाळी आली आणि २३ सप्टेंबर २००४ रोजी तिला मुलगी झाली. शरीरात उरलेल्या अंडाशयातूनच हे बीज आले असेल, अशी शंका काही जाणकारांनी घेतली. पण पुढे इस्राएल, डेन्मार्क अशा देशांतून अशीच मुले जन्मली आणि शंकेला जागा उरली नाही. आज त्यांची संख्या दोनशेच्या वर गेली आहे.

हे काम कसे करतात तेही सांगते. पोटाला लहान छिद्रे पाडून दुर्बिणीने एक अंडाशय किंवा त्याचा भाग काढतात. त्याच्या सालीच्या एकदोन मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या करून त्या रक्षक द्रावणात भिजवतात, हळूहळू थंड करतात आणि द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवतात. डेन्मार्कमध्ये तर गावोगावच्या रुग्णालयांत अंडाशय काढून बर्फावर ठेवतात आणि चारपाच तासांच्या आत कोपनहेगनला गोठवायला पाठवतात. नुसते बीज काढून गोठवायचे तर दहाबारा दिवस इंजेक्शने घ्यावी लागतात आणि मुलगी वयात आलेली असावी लागते. तुकडा गोठवायला यांपैकी काहीच लागत नाही. म्हणून लहान मुलींना हाच मार्ग आहे. दुबईच्या एका मुलीला थॅलेसेमिया होता. तिच्या नवव्या वर्षी, मगज बदलण्याआधी, इंग्लंडमध्ये लीड्स येथे तिचे अंडाशय गोठवले गेले आणि २०१६ साली लंडनमध्ये तिला मुलगा झाला. महिन्याच्या महिन्याला मुलीला रक्त चढवणाऱ्या आया आपल्याकडे थोड्या नाहीत. त्यांनी हे जरूर लक्षात ठेवावे.

आपला देश या विद्येत मागे होता असेही नव्हे. कलकत्त्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी गोठवून ठेवलेल्या गर्भापासून ३ ऑक्टोबर १९७८ रोजी मुलगी जन्माला आणली. सरकारी समितीने त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही. खचून जाऊन १९८१ साली त्यांनी आत्महत्या केली. १९८६ साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांनी नळीतले बाळ जन्मले. पुढे १९९७ साली आनंद कुमारांनीच मुखोपाध्यायांचे कागद तपासून पहिला मान त्यांचा, असे जाहीर केले. ज्ञान असून ते ऐकून घेणारे कोणी नसले, तर काय होते ते यावरून दिसते.

या मार्गाला मर्यादाही आहेत. तुकडे बसवलेल्या तिघीचौघींत एखादीलाच मूल होते. ते तुकडे काही वर्षेच काम करतात. रक्ताच्या कर्करोगात तुकड्याबरोबर रोगही परत येण्याचे भय असते. खर्च आहे आणि आपल्या देशात काही मोठ्या ठिकाणीच ही सोय आहे. तरीही अमेरिकेच्या तज्ज्ञांच्या संस्थेने २०१९ साली हा आता प्रयोग राहिला नाही, उपचार झाला आहे, असे मान्य केले.

मग आमच्या मुलीच्या बाबतीत काय झाले? आम्ही तिला मोठ्या रुग्णालयात नेले होते. डॉक्टर हुशार होते, त्यांनी तिचा जीव वाचवला. त्यांना घाई होती आणि आम्हांला भीती होती. दुखणे उलटले तेव्हा त्यांनी "काही विचारायचे आहे का?" असे म्हटले. नणंद रडत होती, तिचे यजमान पैशाचा हिशेब करीत होते, मी मान हलवून "नाही" म्हटले. त्या "नाही"चे मला आज वाईट वाटते. कुमारिकेसमोर मुलाबाळांचा विषय कसा काढावा, असा संकोचही मनात होताच. भगिनींनो, तो संकोच फार महाग पडला.

मूल नसलेली स्त्री अपुरी, असे मी मुळीच म्हणत नाही. माझी भाची बालवाडी चालवते आणि तिच्याभोवती नेहमी वीसपंचवीस पोरे असतात. पण मूल हवे की नको हे तिने स्वतः ठरवावयाचे होते. तिला विचारण्याआधीच ते ठरून गेले.

म्हणून एवढेच मागणे आहे. आपल्या घरात, शेजारात, नात्यात कोणा मुलीला असे दुखणे आले, तर औषधाची पहिली बाटली लावण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा, "या औषधाने हिच्या अंडाशयाचे काय होईल? काही राखून ठेवता येईल का?" ते नाही म्हणाले तरी चालेल, पण विचारल्यावाचून राहू नका. रडणाऱ्या आईला ते सुचणार नाही. शेजारणीने, मामीने, मावशीने विचारावे.

हा लेख मी भाचीला वाचून दाखवला. ती म्हणाली, "मामी, माझे नाव नको, पण हे छापा. पुढच्या मुलीच्या वेळी कोणीतरी विचारील."