खालच्या बोर्डांवरची चोरी

जुलै 2019 च्या, जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या म्हणजे फिडेच्या यादीत 53 व्या क्रमांकावर इगोर्स राउसिस हे नाव होतं. रेटिंग 2686. वय 58. पहिल्या शंभरात त्याच्या वयाचं दुसरं कुणी नव्हतं. बुद्धिबळात पस्तिशी-चाळिशीनंतर आकडे उतरू लागतात. आनंद त्या वेळी एकोणपन्नास वर्षांचा होता आणि नुसता वरच्या फळीत टिकून आहे म्हणून जगभर त्याचं कौतुक चाललं होतं. राउसिस मात्र पन्नाशी उलटल्यावर चढायला लागला होता.

भाऊसाहेब पडसलगीकरांनी ज्या गावात बुद्धिबळ वाढवलं, त्या सांगलीची मी. खेळाडू म्हणून फार पुढे गेले नाही, पण पंच म्हणून बराच काळ सभागृहांत उभी आहे. राउसिसची कहाणी मी पंचाच्या जागेवरूनच वाचते. आणि मला वाटतं की तिच्यातला मुख्य माणूस बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. तो माणूस राउसिस नाही. राउसिससमोर बसलेला आहे तो.

आधी राउसिस कोण होता ते सांगते. सोव्हिएत संघात 1961 मध्ये जन्म. संघ फुटल्यावर तो लाटवियाकडून खेळला. 1992 मध्ये ग्रँडमास्टर आणि 1995 मध्ये लाटवियाचा राष्ट्रीय विजेता झाला. मग काही वर्षं बांगलादेशच्या झेंड्याखाली खेळला, तिथल्या मुलांना शिकवलं, आणि 2007 पासून चेक प्रजासत्ताकाचा खेळाडू झाला. त्याचं खरं रेटिंग 2500 च्या आसपासचं. एवढं रेटिंग म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळत नाही. आपल्या जिल्ह्यातल्या कुठल्याही हुशार मुलाला असा माणूस गप्पा मारता मारता हरवेल. पण जगाच्या बाजारात त्याला किंमत नसते. मोठ्या निमंत्रितांच्या स्पर्धेत त्याला कुणी बोलावत नाही. फी भरून कुणालाही खेळता येतं अशा एका ओपनमधून दुसऱ्या ओपनमध्ये रेल्वेने जायचं, नऊ फेऱ्या खेळायच्या, तिसरं-चौथं बक्षीस तिघाचौघांत वाटून घ्यायचं आणि मधल्या दिवसांत शिकवण्या करायच्या. सोव्हिएत संघ कोसळल्यावर असे शेकडो मास्टर युरोपभर पांगले. पूर्वी सरकार पगार देत होतं, आता बक्षिसावर पोट होतं. ग्रँडमास्टरला आयोजक प्रवेश फी लावत नाहीत, बऱ्याचदा राहण्याजेवणाचीही सोय करतात. त्या दोन अक्षरांवर, जीएमवर, हा सारा धंदा उभा होता.

अशा माणसाचं रेटिंग एका दशकात 2500 वरून 2686 ला कसं गेलं? इथे थोडं गणित करावंच लागेल, कारण चोरी त्या गणितातच होती.

तेव्हाच्या नियमानुसार समोरच्याचं रेटिंग तुमच्यापेक्षा कितीही कमी असलं, तरी हिशेबात फरक जास्तीत जास्त 400 चाच धरत. 400 च्या फरकाला वरच्या खेळाडूकडून 0.92 गुणांची अपेक्षा असते. त्याचा गुणक 10. म्हणजे जिंकला तर रेटिंग 0.8 ने वाढणार. बरोबरी झाली तर 4.2 ने घटणार आणि हरला तर 9.2 ने. पाच डाव जिंकून मिळालेलं सगळं एका बरोबरीत जातं, वर थोडं पदरचंही द्यावं लागतं. निव्वळ या वाटेने 2500 वरून 2686 गाठायचं तर दोनशे बत्तीसहून जास्त डाव सलग जिंकावे लागतील, मध्ये एकही बरोबरी न करता. ओपनमध्ये खेळलेल्या कुणालाही विचारा. तापात खेळलेला एक डाव, तयारी करून आलेला एखादा चौदा वर्षांचा पोरगा, वजीर-प्याद्याचा कंटाळवाणा शेवट, यांतलं काहीतरी आडवं येतंच. म्हणूनच प्रामाणिक मास्टर लहान खेळाडूंशी खेळून वर जात नाहीत, बहुधा खालीच येतात.

राउसिस वर गेला. लहान ओपन निवडत गेला, आपल्यापेक्षा पुष्कळ कमी रेटिंगच्या लोकांशी खेळत गेला आणि जवळजवळ सगळे डाव जिंकत गेला. प्रत्येक वेळी आठ दशांश. एका स्पर्धेत पाच-सहा गुण वाढले तर कोण लक्ष देणार? बड्या खेळाडूला त्याने हरवलं असतं तर दुसऱ्या दिवशी तो डाव जगभर तपासला गेला असता. पण एखाद्या फ्रेंच गावातल्या शिक्षकाला किंवा सुट्टीत खेळायला आलेल्या विद्यार्थ्याला ग्रँडमास्टरने हरवलं, यात बातमी कसली?

आता सभागृहाच्या रिवाजाबद्दल. आपली चाल झाली की खेळाडू उठू शकतो. दुसऱ्यांचे डाव बघावेत, चहा घ्यावा, स्वच्छतागृहात जावं, घड्याळ आपलं आपण सांभाळावं. चार-पाच तास खुर्चीला खिळून बसायची सक्ती या खेळात कधीच नव्हती. मोहऱ्याला हात लावला की तोच चालवायचा, स्कोअरशीट स्वतः लिहायची आणि डाव संपला की हात मिळवायचा. बाकी सगळं भरवशावर. एके काळी तर बाहेरची मदतही राजरोस चालायची. डाव रात्रीपर्यंत संपला नाही की खेळाडू पुढची चाल कागदावर लिहून लिफाफ्यात घालायचा, लिफाफा सीलबंद होऊन पंचाकडे जायचा आणि दोन्ही खेळाडू आपापल्या मित्रांसोबत रात्रभर त्या स्थितीचा कीस पाडायचे. त्या लिफाफ्याची मोठी शान होती. मी पंचगिरीला लागले तेव्हा लिफाफे संपत आले होते. 1990 च्या दशकात ही प्रथा संगणकाने संपवली, कारण रात्रभर मित्र जागवायची गरजच उरली नाही.

1993 मध्ये फिलाडेल्फियाच्या वर्ल्ड ओपनमध्ये जॉन फॉन नॉयमन हे थोर गणितज्ञाचं नाव लावून, कानाला हेडफोन लावून एक अनोळखी माणूस बसला होता. एका ग्रँडमास्टरशी त्याने बरोबरी केली, आणि साधे प्रश्न विचारल्यावर त्याला खेळाचं जुजबी ज्ञानही नसल्याचं उघड झालं. तो प्रकार लोकांनी विनोदासारखा सांगितला. 1997 च्या मे महिन्यात डीप ब्लूने कास्पारोव्हला हरवलं, पण ते यंत्र कपाटाएवढं होतं. 2009 मध्ये ब्युनोस आयर्सच्या मर्कोसूर कपमध्ये साध्या मोबाईलवर चालणाऱ्या पॉकेट फ्रिट्झ या बुद्धिबळाच्या प्रोग्रामने दहापैकी साडेनऊ गुण मिळवले. माझ्या मते आमच्या कामाचं स्वरूप त्या दिवशी बदललं. जगज्जेत्याहून भारी खेळणारी वस्तू आता प्रत्येकाच्या खिशात होती, आणि आमचे नियम मात्र फोन वाजू नये एवढ्यापुरतेच होते. 2003 मध्ये प्लोव्हदिव्हच्या स्पर्धेत ग्रँडमास्टर पोनोमारियोव्हचा फोन वाजला म्हणून त्याला डाव गमवावा लागला होता. तेव्हा अडचण आवाजाची होती. सभागृहात फोन आणायलाच बंदी 2014 च्या नियमांत आली.

दरम्यान बरंच घडून गेलं होतं. 2006 मध्ये दिल्लीच्या एका स्पर्धेत एका खेळाडूच्या टोपीत ब्लूटूथ सापडलं आणि अखिल भारतीय महासंघाने त्याला दहा वर्षं खेळायला बंदी घातली. 2010 च्या खांती-मान्सीस्क ऑलिम्पियाडमध्ये फ्रान्सच्या सेबास्तियाँ फेलेरचा साथीदार सिरिल मार्झोलो घरी बसून संगणकावर चाली काढी आणि आकड्यांत लपवून संदेशाने संघाच्या कप्तानाकडे, आर्नो ओशारकडे, धाडी. कप्तान सभागृहात कुठल्या टेबलामागे उभा राहतो त्यावरून फेलेर चाल ओळखे. पाचव्या बोर्डाचं सुवर्णपदक त्याने असं मिळवलं. फ्रेंच महासंघाच्या उपाध्यक्षा जोआना पोमियाँ यांच्या नजरेला मार्झोलोच्या फोनवरचा एक संदेश पडला, म्हणून हे बाहेर आलं. 2015 मध्ये दुबईला जॉर्जियाचा सलग दोन वर्षांचा राष्ट्रीय विजेता गाइओझ निगालिद्झे पुन्हा पुन्हा एकाच स्वच्छतागृहात जातो हे त्याचा प्रतिस्पर्धी तिग्रान पेत्रोस्यानच्या लक्षात आलं. तिथे टॉयलेट पेपरमध्ये गुंडाळलेला फोन निघाला. त्यावर तोच डाव उघडा होता.

आणि जुलै 2019 मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गच्या ओपनमध्ये राउसिस सापडला. त्याने वापरलेल्या स्वच्छतागृहात फोन मिळाला आणि तो आपलाच असल्याचं त्याने लिहून दिलं. फिडेचे महासंचालक एमिल सुतोव्स्की यांनी बातमी जाहीर केली. फिडेचा फेअर प्ले आयोग काही काळापासून त्याच्या मागावर होता हेही तेव्हाच कळलं. त्याच वेळी एक छायाचित्र जगभर फिरलं. बंद स्वच्छतागृहात, पूर्ण कपड्यांत, हातात फोन घेऊन बसलेला साठीकडे झुकलेला माणूस, वरून टिपलेला.

त्या छायाचित्राबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे. पंच म्हणून मी तसा फोटो कधीही काढणार नाही आणि माझ्या सभागृहात कुणाला काढू देणार नाही. संशय असेल तर खेळाडूला आत जाण्याआधी तपासा, बाहेर आल्यावर आत जाऊन पाहा, डिटेक्टर फिरवा, लेखी जबाब घ्या. आमच्या स्पर्धांत दहा-बारा वर्षांची मुलं-मुली खेळतात. चोर पकडण्यासाठी दाराच्या वरून डोकावायची मुभा एकदा दिली, तर ती चोरापुरती राहणार नाही. फोन सापडला होता, कबुली हातात होती. फोटोवाचून काही अडलं नसतं.

राउसिसने पत्रकारांजवळ फार सारवासारव केली नाही. आपलं भान सुटलं, सकाळच्या डावाने थकलो होतो, आपला शेवटचा डाव आपण खेळून झालो, अशा अर्थाचं तो बोलला. थकव्याचं मी खरं मानते. दिवसात दोन फेऱ्या असल्या की अठ्ठावन्न वर्षांच्या डोक्याला संध्याकाळी काय होतं ते मी जवळून पाहिलं आहे. पण एका संध्याकाळच्या थकव्याने वर्षानुवर्षांचा चढ समजावून देता येत नाही. ग्रँडमास्टरला सगळा डाव यंत्राकडून घ्यावा लागतच नाही. इथे घोडा मारला तर चालतो का, एवढं एकदा कळलं की पुढचं तो स्वतःच खेळतो. त्याच्या शंभर डावांतले स्वतःचे किती, हे आता कुठल्याही तपासातून निघणार नाही.

डिसेंबर 2019 मध्ये फिडेच्या नीती आयोगाने त्याला सहा वर्षं बंदी घातली आणि ग्रँडमास्टर किताब काढून घेतला. किताबावरून आमच्या पंचांमध्येही वाद झाले. 1992 मध्ये खिशात यंत्र नव्हतं, तो किताब घाम गाळून मिळवलेला होता, मग सत्तावीस वर्षांनी तो कसा काढता? फेलेरचा किताब राहिला, निगालिद्झेचा गेला, हा विसंगत न्याय आहे हे मलाही मान्य. तरी राउसिसबाबत मी आयोगाच्या बाजूने आहे. किताब ही जुन्या पराक्रमाची पावती असती तर ती त्याच्यापाशी राहू द्यायला हवी होती. पण त्याच किताबावर तो फी न भरता त्या लहान ओपनमध्ये शिरत होता, खोली मिळवत होता, पहिल्या बोर्डावर बसत होता. चोरीच्या जागेपर्यंत त्याला किताबानेच पोहोचवलं.

पुढच्याच वर्षी तो लाटवियातल्या वाल्का गावी एका छोट्या रॅपिड स्पर्धेत इसा कासिमी या नव्या नावाने खेळायला बसला. ओळखपत्र त्याच नावाचं होतं, नाव त्याने बदलून घेतलं होतं. ग्रँडमास्टर आर्तुर्स नेइकशान्सने त्याला ओळखलं, हरकत घेतली आणि त्याला स्पर्धा सोडावी लागली. पटापासून त्याला लांब राहवलं नाही, याचं मला दुःख होतं. खेळावर त्याचं प्रेम होतं याबद्दल मला शंका नाही. 2024 मध्ये तो वारला.

आता त्या समोर बसलेल्या माणसाकडे येते. ओपन स्पर्धा चालतात त्या 1600, 1800, 2100 रेटिंगवाल्यांच्या पैशावर. प्रवेश फी तेच भरतात, रजा तेच टाकतात, हॉटेलचं बिल तेच देतात. त्यांच्यातल्या पुष्कळांची एकच हौस असते, एकदा ग्रँडमास्टरसमोर बसायची. आपल्याकडचे आईवडील पोरांना घेऊन युरोपातल्या स्पर्धांना जातात, कर्ज काढूनही जातात, ते याच एका फेरीसाठी. ग्रँडमास्टरशी बरोबरी झालेली स्कोअरशीट घरोघरी जपून ठेवलेली मी पाहिली आहे. राउसिससमोर अशी बरोबरी होऊ घातली असेल तेव्हा तो उठून गेला असेल आणि परत येऊन जिंकला असेल. समोरच्याने शीटवर सही केली असेल, हात मिळवला असेल आणि आपणच कुठे चुकलो ते शोधत रात्र काढली असेल. यांची नावं कुठल्याही निकालपत्रात नाहीत. त्यांची भरपाई कुणी मागितली नाही.

रेटिंगच्या नियमात सुधारणा झाल्या. 2025 मध्ये फिडेने 2650 च्या वरच्यांसाठी ती 400 ची सवलत काढून टाकली, ते योग्यच झालं. पण सभागृहातली व्यवस्था अजून उलटी आहे. डिटेक्टर असतो तो पहिल्या पाच-दहा बोर्डांसाठी, थेट प्रक्षेपण तिथलंच, जास्तीचा पंचही तिथेच उभा. चाळिसाव्या बोर्डावर कोण किती वेळा उठलं याची नोंद कुणी ठेवत नाही. आणि पहिल्या फेरीत, जिथे ग्रँडमास्टरसमोर सगळ्यात कमी रेटिंगचा खेळाडू येतो, तिथे तर आम्ही सगळे नोंदणीच्या गडबडीत असतो. आमच्या जिल्ह्याच्या स्पर्धांसाठी मी आयोजकांना लिहून दिलं आहे: डिटेक्टर पहिल्या फेरीपासून हवा, आणि रोज चिठ्ठ्या टाकून खालच्या बोर्डांवरचेही खेळाडू तपासावेत. खर्च एका पंचाच्या मानधनाएवढा येतो. यंदा तो प्रवेश फीमधूनच काढावा. ज्यांची फी आहे त्यांच्याच बोर्डासाठी ती खर्च होईल.